फुटव्यांना हात लावू नका

पाथरखेडे, पोस्ट सोनई
५ मार्च १९७२

चि. सहादेव यास,

बन्सीचा जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि. मी आणि तुझी राहीआत्या दोघंही धडधाकट आहोत. तुझं पत्र संक्रांतीपासून नाही. लष्कराच्या मेसच्या बागेत साहेब लोकांची फुलं फुलवताना घर आठवत नसेल, असं आत्या म्हणते. मी तिला गप्प केलं, पण मलाही तसंच वाटतं.

गावाच्या आडात, काठापासून पुरुषभर खाली, दगडांच्या फटीत पिंपळ उगवला होता. तू लहानपणापासून तो लांबूनच पाहिलास. त्याच्या मुळांनी यंदा भिंत फाकवली. दोन चिरे पाण्यात पडले, आणखीही पडायच्या बेतात होते. पण पिंपळाला कुऱ्हाड लावायला गावातला एकही माणूस तयार होईना. मुंजा लागतो, वंश बुडतो, म्हणाले. मग सरपंच भाऊसाहेबांनी आपल्या वस्तीत निरोप धाडला की तुमच्यातला कोणी पाठवा. म्हणजे पाप लागायचं तर ते आपल्याला लागावं. निरोप ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तरी मी गेलो. का गेलो ते तू आलास की सांगेन. आमच्या इथे पत्रं पोचण्याआधी वाचली जातात आणि ती गोष्ट अजून पक्की झालेली नाही. कमरेला दोर बांधून उतरलो. दोर आपल्या वस्तीतल्या मच्छिंद्रने धरला. पहारीने चिरा हलवून झाड तोडलं नाही, काढलं. मोठं मूळ भिंतीतच राहिलं, बारीक मुळं थोडी आली. वरचा शेंडा उतरवून वीतभर खोड ठेवलं आणि भोकं पाडलेल्या घमेल्यात वाळू-माती घालून लावलं. तू दिवाळीत दाखवला होतास तसा कुंडीतला छोटा वृक्ष करायचं मनात आहे. आपल्या घरात बोधिवृक्ष असावा, तोही त्या आडातला, ही माझी हौस समज.

आता खोडाला जिकडेतिकडे डोळे फुटताहेत. एका जागी तर चार-चार. दिवाळीत तू तुझ्या वडाचे जादा डोळे अंगठ्याने पुसून काढले होतेस. याचेही पुसू का, आणि कधी, ते लगेच कळव. एवढ्या तातडीने तुला पूर्वी काही विचारलं नव्हतं.

आत्या आठवण काढते. माझीही माया तुझ्यावर आहे, ती पत्र न लिहिल्याने आटत नाही.

तुझे वडील,
बन्सी


भिंगार, नगर
११ मार्च १९७२

ती. नानांस,

सहादेवचा सविनय जयभीम. वि. वि. तुमचं पत्र मिळायच्या आधीच सगळी हकिकत मला कळली होती. मच्छिंद्र बाजाराला नगरला आला होता. त्याने सांगितलं त्यातलं तुम्ही अर्धंच लिहिलंत. तुम्ही आडातून वर आलात, झाड घेऊन घरी गेलात, आणि मागून त्यांनी आडात गोमूत्र शिंपडलं. हे तुम्हांला ठाऊक आहे की नाही?

नाना, आपल्या आजोबांची येसकराची, गावकीच्या चाकरीची काठी तुम्ही छप्पन्न साली चुलीत घातलीत. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो, मला चूल अजून दिसते. तुम्ही म्हणाला होता, आजपासून गावाचा निरोप आला की आपण जागचं हलायचं नाही. मेलेलं ढोर ओढायचं नाही, सांगावा घेऊन पळायचं नाही. सगळ्या वस्तीला तुम्ही हे शिकवलंत. तुम्ही बत्तीस वर्षं शाळेत मास्तर होता. त्यांची पोरं तुमच्या हातची छडी खाऊन शिकली. आणि त्यांच्यातल्या कोणाला पाप नको म्हणून तुम्ही साठाव्या वर्षी दोराला लोंबकळलात.

याच आडाच्या काठापासून दहा पावलांवर आई घागर घेऊन उन्हात उभी राहायची. कोणाला दया आली तर वरून ओतायचे. ती तापाने गेली त्या वर्षीसुद्धा उभी राहिली. तुम्ही हे विसरला असाल असं मी म्हणत नाही. विसरला नसतानाही गेलात, याचा मला जास्त राग येतो.

कारण भेटीत सांगेन म्हणता. मला भेटायचं नाही. त्या आडाचं पाणी आपल्या बायकांना स्वतःच्या हाताने शेंदता येईपर्यंत मी गावात पाऊल ठेवणार नाही. फुटव्यांचं विचारलंत, त्याचं उत्तर मी देत नाही. ते झाड कोणत्या किमतीला घरात आलं ते मला माहीत आहे.

आत्याला नमस्कार. तुमच्याविषयी आदर आहे म्हणूनच एवढं लिहिलं.

सहादेव


पाथरखेडे
१७ एप्रिल १९७२

चि. सहादेव,

जयभीम. जयंती झाली. मिरवणुकीत सगळ्या घरांतली पोरं परगावाहून आली होती, माझं नव्हतं. लोकांनी विचारलं. मी म्हणालो, साहेबांच्या बागेला पाणी घालायला कोणी नाही. खोटं बोलायला लावलंस.

आता कारण ऐक. पोस्टातल्या माणसाने वाचलं तरी चालेल, वाचलंच पाहिजे. निरोप आला तेव्हा मी मारुतीच्या पारापुढे जाऊन उभा राहिलो. भाऊसाहेब होते, त्यांचा चुलतभाऊ काकासाहेब होता, पंच होते. मी म्हणालो, येसकर म्हणून येणार नाही. झाड मी काढतो, पण भिंत बांधून झाली की आमच्या बायका इथे येऊन स्वतःच्या पोहऱ्याने पाणी शेंदतील. हे सगळ्यांसमोर कबूल करा. कायदा आमच्या बाजूने कधीचाच आहे, मला तुमच्या तोंडून ऐकायचं आहे. काकासाहेब उठून गेला. भाऊसाहेब शेवटी हो म्हणाले. त्यानंतर मी दोर बांधला. गोमूत्राचं मला माहीत आहे. घरी निघालेला मी पाराशी थांबून पाहत होतो. तू मला एका ओळीत विचारलं असतंस तर एका ओळीत सांगितलं असतं. पण तुला बापाला विचारायचं नव्हतं, झाडायचं होतं. आणि तुझ्या आईची घागर मला तू दाखवू नकोस. तिच्याबरोबर उन्हात मी उभा असायचो, तू सावलीत खेळायचास.

झाडाबद्दल तू उत्तर दिलं नाहीस. मी आठवडाभर वाट पाहिली. मग तू वडाला केलं होतंस तसंच केलं. चार बाजूंना चार डोळे ठेवले, बाकीचे अंगठ्याने पुसले. पांढरा चीक आला, तो राखेने दाबला. त्या चार डोळ्यांना तांबूस पानं आली, छान लुसलुशीत. मला वाटलं, साधलं. आता ती सगळी पानं मान टाकून बसली आहेत. सावलीत ठेवलं, पाणी कमी करून पाहिलं, जास्त करून पाहिलं. राहीबाई म्हणते, ल्योक बोलला न्हाई म्हनून झाडबी बोलंना.

रागावलो आहे. तरी आशीर्वाद आहेत, ते रागाच्या पलीकडचे असतात.

बन्सी


भिंगार
२२ एप्रिल १९७२

ती. नाना,

सविनय जयभीम. पाराची हकिकत वाचली. तुमची बाजू आधी ऐकायला हवी होती, तेवढं मान्य. त्यापुढचं मान्य नाही. भाऊसाहेबांनी दिलेला शब्द तुम्ही खरा धरलात, मी धरत नाही. भिंत होऊ द्या, मग बघू.

पण तुम्ही फुटवे पुसलेत हे वाचून मी कपाळावर हात मारला. नाना, तुम्ही शाळेत पोरांना सांगायचा, उदाहरण नीट वाचा, मग गणित सोडवा. दिवाळीत मी ज्याचे डोळे काढले तो वड तीन वर्षं त्याच कुंडीत होता. मी त्याच्या फांद्या छाटल्या होत्या, मुळांना धक्का नव्हता. कुंडी मुळांनी गच्च भरलेली होती. अशा झाडाला छाटल्यावर जोर फार असतो. त्याचे जादा डोळे गव्हाच्या दाण्याएवढे असतानाच काढावे लागतात, नाहीतर एका जागी गर्दी होऊन खोडाला गाठ येते. तुमचा पिंपळ भिंतीतून ओरबाडून आणलेला. त्याचं मोठं मूळ आडातच राहिलं असं तुम्हीच लिहिलंत. त्याला जोर कुठून येणार?

नव्याने उपटून आणलेल्या झाडाला पहिला फुटवा येतो तो खोडात साठलेल्या शिदोरीवर. माणूस बघतो आणि म्हणतो, जगलं. ते जगलेलं नसतं. खाली मुळं नसतात. ती करायला पानं लागतात, जितकी जास्त तितकी बरी. वेडीवाकडी, नको त्या जागी आलेली, सगळी लागतात. तुम्ही त्याचे हात बांधलेत आणि वर म्हणता चाल.

इथल्या मेजर साहेबांच्या बाईंकडेही मी हेच बोलून वाईट झालो. त्यांनी महाबळेश्वराहून आणलेलं झाड पहिल्याच महिन्यात आकारात बसवलं. आता त्यांच्या व्हरांड्यात रिकामी कुंडी आहे.

आता काय करायचं ते सांगतो. खोडाला नखाने बारीक ओरखडा काढा. चीक आला तर जीव आहे. घमेलं सावलीतच राहू द्या, वर ओलं गोणपाट लावा, खत अजिबात घालू नका. पुन्हा डोळे फुटले तर कुठेही फुटोत, फुटव्यांना हात लावू नका. आत्यालाही लावू देऊ नका. पानं हिरवी, जाड, टणक झाली आणि मग शेंड्यातून दुसऱ्यांदा आपण होऊन नवं पान सुटलं, तर खाली मुळांनी धरलं असं समजा. त्यानंतरसुद्धा पुढच्या वसंतापर्यंत थांबायचं.

मी येणार नाही म्हणालो ते कायम आहे. माझा राग तुमच्यावरून थोडा सरकून दुसरीकडे गेला आहे, एवढंच.

सहादेव


पाथरखेडे
२० ऑगस्ट १९७२

चि. सहादेव,

जयभीम. पाऊस नाही. मृगात चार शिंतोडे पडले, नंतर आभाळ नुसतं येतं आणि जातं. वस्तीतली विहीर तळाला गेली. माणसं खडी फोडायला जाऊ लागली आहेत.

ती चार पानं गळाली. जेठात नुसतं बोडकं खोड उभं होतं. नखाने ओरखडलं, चीक आला. मग एके दिवशी अगदी बुडातून डोळे फुटले, मग मधून, मग मी पुसले होते त्याच जागांवरून. मी हात लावलेला नाही. आता ते झाड झाडासारखं दिसत नाही, केरसुणीसारखं दिसतं. राहीबाईला रोज सांगावं लागतं, कारण तिला काहीही अस्ताव्यस्त खपत नाही.

तू म्हणाला होतास ते खरं निघालं. आडाची भिंत जूनमध्येच झाली. मी भाऊसाहेबांकडे गेलो. म्हणाले, पाऊस पडू द्या, पाणी वाढू द्या. पुन्हा गेलो तर म्हणाले, पोळा होऊ द्या. आणि परवा ते स्वतः आपल्या दारी आले. आत या म्हटलं तर आले नाहीत, अंगणातच उभे राहिले. त्यांच्या सुनेचा दुसऱ्यांदा गर्भ गेला. कोणीतरी सांगितलं की पिंपळ हलवला म्हणून हे घडतं आहे. तो पिंपळ परत द्या, मारुतीच्या पारावर लावू, पूजा घालू, म्हणाले. वर म्हणाले, झाड द्या म्हणजे पाण्याचंही जमवून टाकू.

मला त्या पोरीचं वाईट वाटलं. ती माझ्या शाळेत होती, कविता फार छान म्हणायची. तसं मी त्यांना सांगितलं. तिला नगरला मोठ्या दवाखान्यात दाखवा, झाडाने काही होत नाही, असंही सांगितलं. मग मात्र मला राहवलं नाही. म्हणालो, तोडायचं होतं तेव्हा आमचं होतं, पुजायचं झालं की तुमचं का? पाणी तुम्ही आधीच कबूल केलं आहे, एकच गोष्ट मला दोनदा विकू नका. त्यांची मान खाली गेली. रागाने की शरमेने ते मला कळलं नाही. तसेच निघून गेले.

वस्तीतले काही जण म्हणतात, मास्तर, दिलं असतंत तर काय बिघडलं असतं, पाणी मिळालं असतं. मी रात्रंदिवस तेच ऐकतो आहे. तू काय म्हणतोस?

तुझ्या मताची वाट पाहतो. या वेळी उत्तर टाळू नकोस.

बन्सी


भिंगार
२६ ऑगस्ट १९७२

ती. नाना,

सविनय जयभीम. देऊ नका. झाडाच्या बदल्यात पाणी घेतलं तर उद्या त्याच्या बदल्यात आणखी काही मागतील. मी तहसीलला अर्ज दिला आहे. आड सार्वजनिक आहे, पंचायतीच्या पैशाने बांधला आहे, असं त्यात लिहिलं आहे. साहेब येतील. तोवर आपल्यातल्या कोणीही तिकडे एकट्याने जाऊ नये.

वस्तीतल्या लोकांना माझं नाव सांगा. म्हणावं, शिव्या द्यायच्या तर सहादेवला द्या.

केरसुणी दिसते म्हणता, दिसू द्या. तिची ती सगळी पानं आत्ता कामाला लागलेली आहेत. पाणी कमी असेल तर भांडी घासलेलं, राख निवळलेलं पाणी घाला, पण घाला. तुम्ही झाड जपता आहात हे वाचून बरं वाटलं. हे मी तोंडाने बोललो नसतो.

आत्याला म्हणावं, भाचा अजून तोच आहे.

सहादेव


पाथरखेडे
२४ ऑक्टोबर १९७२

चि. सहादेव,

जयभीम. तुझ्या अर्जावर एक साहेब जीपमधून आले. भाऊसाहेबांच्या ओसरीवर चहा घेतला, आड लांबून पाहिला आणि गेले. आपल्या वस्तीत आले नाहीत. हे मी तुला मुद्दाम लगेच कळवलं नाही, कारण तू नगरला काहीतरी करून बसला असतास.

राहीबाईने मात्र कोणाचीच वाट पाहिली नाही. दसऱ्याला सकाळी वंदना झाली, तशी ती उठली, घागर काखेला मारली आणि बायकांना म्हणाली, म्या आता म्हातारी झाले, सायबाची वाट बगत मराया मला येळ न्हाई, ज्येला यायचंय त्यानं या. रतनबाई निघाली, मग सगळ्याच निघाल्या. मी निघालो तर मला म्हणाली, तुमी हितंच ऱ्हावा. गडी आलं की डोकी फुटत्यात. मी तरी मागून गेलो, पाराशी थांबलो. भीतीने नाही, असं लिहिणार होतो, पण भीतीही होती.

तिने पोहरा सोडला. काकासाहेब धावत आला आणि विळ्याने दोर कापला. पोहरा तळाला गेला. राहीबाई त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. रतनबाईने तिचा पोहरा सोडला. त्याने तोही दोर धरला, पण ती सोडेना. दोघं ओढत होते. तेवढ्यात भाऊसाहेबांची म्हातारी चुलती आक्काबाई तिची घागर घेऊन आली. मला वाटलं, आता ही तोंड सोडणार. ती काकासाहेबाला म्हणाली, सर बाजूला, माझी चूल खोळंबलीया. आणि रतनबाईच्या शेजारी उभी राहून तिने तिचा दोर सोडला. आपल्या बायकांकडे तिने पाहिलंही नाही. पण ती शेंदत होती तोवर काकासाहेबाला काही करता येईना, आणि तोवर आपल्या घागरी भरल्या.

गावातल्या इतर बायकांनी तो आड टाकला. मळ्यातल्या विहिरींवरून पाणी आणू लागल्या. त्याही तळाला गेलेल्या, त्यामुळे चार दिवसांत एकेक परत आल्या. आता पलीकडच्या बाजूला उभ्या राहतात. बोलत नाहीत. काकासाहेब आपल्या मच्छिंद्रला खडीच्या कामावर घेऊ देत नाही. जिंकलो असं कोणी समजू नये. मला अजूनही तो दोर कापलेला दिसतो आणि झोप येत नाही.

तुझी शपथ सुटली, असं मी मानतो. तू काय मानतोस ते तू ठरव. तुझ्या आत्याची तुझ्यावरची माया तिच्या रागाएवढीच आहे, म्हणजे पुष्कळ आहे.

बन्सी


भिंगार
१८ फेब्रुवारी १९७३

ती. नाना,

सविनय जयभीम. येतो येतो म्हणून पावणेचार महिने गेले. मेजर साहेबांची बदली झाली, बागेचा चार्ज माझ्यावर आला, हे खरं आहे. दुसरंही खरं आहे. त्या सकाळी मी तिथे नव्हतो. वस्तीत कोणत्या तोंडाने येऊ, हे मला अजून कळत नाही. मी अर्ज लिहिला, आणि माझ्या आत्याने दोर धरला.

मच्छिंद्र इथे कामाला लागला आहे. त्याने सांगितलं की दिवाळीत तुमच्या झाडाने दुसऱ्यांदा नवी पानं सोडली. म्हणजे मुळांनी धरलं. आता जुनी पानं गळतील आणि डोळे फुगू लागतील. या वेळी फुटवे कमी करायला हरकत नाही, किंबहुना केलेच पाहिजेत. जिथे गर्दी आहे तिथला एक राखा, बाकीचे काढा. आतल्या बाजूला वळलेले, सरळ आभाळात जाणारे काढा. बुडातले सगळे एकदम नको. वर्ष-दोन वर्षं ठेवले तर बूड जाड होईल. हात जड ठेवू नका, एवढंच.

लोभ कमी झाला नसेल अशी आशा करतो.

सहादेव


पाथरखेडे
४ मार्च १९७३

चि. सहादेव,

जयभीम. पत्र मिळालं. पानं गळाली आणि प्रत्येक पेरावर डोळा फुगला आहे. तू लिहिलं आहेस ते मला समजलं, मी मास्तर होतो. पण मी करणार नाही. कोणता ठेवायचा आणि कोणता काढायचा, ते तू इथे येऊन ठरव. पत्रातून झाड कापता येत नाही, हे गेल्या वर्षी आपण दोघांनी पाहिलं. डोळे वाट पाहत नाहीत. महिनाभरात त्यांच्या काड्या होतील, मग जखमा मोठ्या होतील आणि दोष तुझा असेल.

तोंडाचं म्हणशील तर माझंही तोंड पारापर्यंतच गेलं होतं. त्याचा राग मी रोज सकाळी दाढी करताना स्वतःवर काढतो. तू वेगळा काढू नकोस, घर लहान आहे.

सकाळच्या गाडीने ये. फाट्यावर उतरलास की घरी येऊ नकोस. आधी आडावर जा. त्या वेळी राहीबाई तिथे असते. तिला म्हणावं पाणी पाज. ती पोहऱ्याने ओतेल, तू ओंजळ धर. आणि एक आधीच सांगून ठेवतो, म्हणजे तुझा वाकडा झालेला चेहरा तिला दिसणार नाही. ते पाणी मचूळ आहे. दुष्काळाने झालं असेल असं आम्हांला वाटलं होतं, पण आक्काबाई म्हणाली, ते पहिल्यापासूनच असं आहे, आमची तोंडं सरावलीत. तुझ्या आईने ज्याच्यासाठी उन्हं काढली ते पाणी मचूळ निघालं, याचा मला जेवढा राग आला तेवढा काकासाहेबाचाही आला नव्हता.

तरी पी. पोटभर पी, आणि मग घरी ये.

तुझे वडील,
बन्सी